जुन्या टीव्ही-गेमच्या डब्यात नवं यंत्र : वाचकांचे प्रश्न

नव्वदच्या दशकात घरोघरी टीव्हीला जोडलेले लाल-पांढरे व्हिडिओ गेम आता माळ्यावरून खाली उतरू लागले आहेत. त्यांच्या बॉडीत रास्पबेरी पाय (एकाच पाटीवरचा छोटा संगणक, पुढे नुसता ‘पाय’) बसवून तेच गेम नव्याने खेळता यावेत, म्हणून विचारलेल्या प्रश्नांपैकी काही या वेळी घेतले आहेत. कॅसेट, रिमोट, बंदूक हे वाचकांचेच शब्द आम्ही तसेच ठेवले आहेत.

प्रश्न : माळ्यावर जुना सेट सापडला. अ‍ॅडॅप्टर लावला तरी लाल दिवासुद्धा लागत नाही. आतलं सगळं काढून टाकून रास्पबेरी पाय बसवायचा आहे. सुरुवात कुठून करू? (सदाशिव पेठ)

काढून टाकण्याआधी सेट खरंच मेला आहे का ते बघा. दिवा न लागणारे बरेच सेट अगदी किरकोळ कारणाने बंद असतात, आणि चालता सेट फोडला तर तो परत मिळत नाही.

मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. आधी अ‍ॅडॅप्टर तपासा. जुना, वजनदार, ट्रान्सफॉर्मरवाला ९ व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर काही न जोडता १२-१३ व्होल्ट दाखवतो. तो बिघाड नाही, लोड आला की व्होल्टेज खाली येतं. काहीच दाखवत नसेल तर वायर पिनेजवळ आतून तुटलेली असते. नवा अ‍ॅडॅप्टर आणलात तर पिनेचा मधला भाग प्लस की मायनस, हे जुन्याच्या लेबलवर पाहून मगच लावा. या सेटमध्ये दोन्ही प्रकार सापडतात.

मग बॉडी उघडा. अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीला स्क्रूने लावलेला तीन पायांचा काळा भाग म्हणजे ७८०५ रेग्युलेटर, व्होल्टेज ५ वर आणून स्थिर ठेवणारा. छापील बाजू आपल्याकडे धरली की डावा पाय इनपुट, मधला ग्राउंड, उजवा आउटपुट. इनपुटवर ८-९ व्होल्ट आणि आउटपुटवर ४.८ ते ५.२ व्होल्ट हवेत. इनपुटच नसेल तर डीसी जॅकचं सोल्डर तडकलेलं असतं किंवा स्विच खराब असतो. इनपुट आहे पण आउटपुट नाही, तर कॅसेट काढून पुन्हा मोजा. तरीही नसेल तर ७८०५ बदला. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत हा भाग कोणत्याही सुट्या भागांच्या दुकानात मिळतो. ५ व्होल्ट बरोबर येतात पण पडद्यावर नुसता एकच रंग दिसतो, तेव्हा दोष बहुधा कॅसेटच्या संपर्कात असतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल कापडावर घेऊन तो पुसा. सँडपेपर लावू नका, वरचा मुलामा निघून जातो आणि पुढच्या पावसाळ्यात तांबं हिरवं पडतं.

एवढं करूनही सेट उठला नाही, तर काळ्या इपॉक्सीच्या थेंबाखालची चिप गेलेली असण्याची शक्यता मोठी. तिची दुरुस्ती होत नाही. आता ती बॉडी निर्धास्त वापरा. आतली सर्किटची पाटी मात्र फेकू नका, पुढे दोन ठिकाणी ती लागणार आहे.

प्रश्न : रास्पबेरी पायचं कोणतं मॉडेल घ्यावं? दुकानदार सगळ्यात नवं घ्या म्हणतो. (हडपसर)

कोणते गेम खेळायचे आणि कोणता टीव्ही जोडायचा, यावर ते ठरतं. ८-बिट आणि १६-बिट गेमना पाय झीरो २ डब्ल्यू पुरतो. त्याची पाटी फक्त ६५ × ३० मिमी आहे, पण एचडीएमआय मिनी आकाराचं आहे आणि ऑडिओ-व्हिडिओ जॅक नाही. जुन्या डब्याच्या टीव्हीला जोडायचं असेल तर आमची पसंती पाय ३ ए प्लसला : ६५ × ५६ मिमी, ५१२ एमबी मेमरी, ३.५ मिमीचा जॅक आणि गरम होणं आटोक्यात. यूएसबी एकच आहे, तरी या कामाला ते चालतं. पहिल्या प्लेस्टेशनचे गेमही यावर नीट चालतात.

पाय ४ घ्यायचा तो निन्टेन्डो ६४ सारख्या त्रिमितीय गेमसाठी. पाय ५ या बॉडीसाठी घेऊ नका. तो जास्त तापतो, त्याला पंखा लागतो आणि ३.५ मिमीचा जॅक त्यातून काढून टाकला आहे.

जुने गेम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचं म्हणाल तर पाय ३ आणि ४ साठी रेट्रोपाय, पूर्ण तयार मेन्यू हवा असेल तर रिकलबॉक्स किंवा बाटोसेरा. ८-बिट गेमना १६ जीबीचं मायक्रोएसडी कार्ड भरपूर होतं. कार्ड आणल्याबरोबर संपूर्ण भरून परत वाचून बघा, एफ३ नावाचं फुकट सॉफ्टवेअर हे करतं. नकली कार्ड लिहिताना तक्रार करत नाही, वाचताना उघडं पडतं.

प्रश्न : पाय बॉडीत बसवायचा कसा? ग्लू गनने चिकटवला तर चालेल का? (वारजे)

चालणार नाही. पाटी तापली की ग्लू मऊ पडतो, आणि एखाद्या दिवशी एचडीएमआयची वायर ओढताना पाय मोकळा होऊन आत लोंबतो. शिवाय बॉडीला एकही नवं भोक न पाडता हे काम होतं, मग ते तसंच करावं.

जुनी पाटी इथे कामाला येते. ती ३ मिमी अ‍ॅक्रिलिकवर ठेवून बाह्यरेषा आणि स्क्रूची भोकं मार्करने उतरवा. नंबरप्लेट आणि पाट्या करणाऱ्याकडे असा तुकडा कापून मिळतो. मूळ स्क्रू, मूळ खांब, त्यावर नवी अ‍ॅक्रिलिकची पाटी. पायच्या चार भोकांचा चौकोन ५८ × ४९ मिमी आहे (झीरोचा ५८ × २३). भोकं एम२.५ स्क्रूची आहेत. एम३ चा स्क्रू दामटून घालू नका, भोकाच्या कडेचे ट्रॅक तुटतात. खाली ५-६ मिमीचे नायलॉन स्टँडऑफ (पाटी उचलून धरणारे छोटे खांब) लावा. अ‍ॅक्रिलिकला भोक पाडताना खाली लाकूड ठेवून हळू ड्रिल करा, नाहीतर शेवटच्या क्षणी कोपरा तडकतो.

खरी अडचण मागच्या बाजूला येते. जुन्या पिवळ्या-पांढऱ्या आरसीए सॉकेटच्या गोल भोकातून एचडीएमआयची पिन जात नाही. टीव्ही जुना असेल तर प्रश्नच मिटला, तीच सॉकेट वापरा. पिवळ्याला व्हिडिओ जोडा. पांढरं सॉकेट एकच असतं आणि पायचा आवाज मात्र डावा-उजवा असा दोन वायरींतून येतो. त्या वायरी थेट एकत्र पिळू नका, प्रत्येकीत १ किलोओहमचा रेझिस्टर घालून मग जोडा. एचडीएमआय हवंच असेल तर मागच्या भिंतीत एक कट अटळ आहे. पॅनेलवर बसणारं एचडीएमआय सॉकेट आधी विकत आणा, ते हातात धरून मोजा, दोन मिमी आत रेघ मारा आणि उरलेलं कानशीने घासत न्या.

डब्यात पत्र्याचं शील्ड असेल तर ते काढा. ते राहिलं तर वाय-फाय जवळजवळ बंद पडतं, आणि पायच्या खालच्या सोल्डरला लागलं तर शॉर्ट होतो.

प्रश्न : सगळं जोडलं, गेम चालतो, पण पडद्याच्या कोपऱ्यात पिवळ्या विजेचं चिन्ह चमकतं आणि आवाज तुटतो. मोबाइलचा चार्जर ३ अँपिअरचा आहे, तरी असं का? (पिंपरी)

चार्जर दोषी नसेल, वायर असेल. पायला मिळणारं व्होल्टेज ४.६३ च्या खाली गेलं की ते चिन्ह दिसतं. पाय आपला वेग कमी करतो, म्हणून आवाज तुटतो.

हिशेब मांडून बघा. स्वस्त केबलमध्ये २८ गेजची बारीक तार असते, तिचा रोध मीटरला साधारण ०.२१ ओहम. एक मीटर केबलमध्ये वीज जाते एक मीटर आणि परत येते एक मीटर, म्हणजे ०.४२ ओहम. १.५ अँपिअरला ०.६३ व्होल्ट वाटेतच गेले. ५.० मधून उरले ४.३७. हीच केबल २० गेजच्या जाड तारेची असेल तर फक्त ०.१ व्होल्ट जातो. म्हणून चार्जर ५.१ व्होल्ट, २.५ अँपिअरचा (पाय ४ ला ३ अँपिअरचा) आणि केबल त्यालाच जोडलेली, असा घ्या. बॉडीच्या आत जॅकपासून पायपर्यंत वायर न्यायची असेल तर २० किंवा २२ गेजची, १५ सेंटिमीटरपेक्षा लांब नको.

अनेकांनी विचारलं आहे म्हणून लिहितो : जुना ९ व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर आणि तेच ७८०५ पायसाठी वापरता येत नाहीत. ९ चे ५ करताना ७८०५ मधले ४ व्होल्ट उष्णतेत जातात. २ अँपिअरला ते ८ वॅट होतात. त्या छोट्या पट्टीला ते झेपत नाही, आणि ७८०५ ची मर्यादाही दीड अँपिअरच्या पुढे नाही. जुनाच गोल जॅक हवा असेल तर त्यावर ५.१ व्होल्ट द्या आणि मधलं ७८०५ पूर्ण काढून टाका. मात्र जॅकवर ठळक ‘५ व्होल्ट’ लिहा. घरातला दुसरा कुणी ९ व्होल्टचा लावील, आणि पायला माफी नाही.

प्रश्न : जुन्या सरकत्या स्विचनेच चालू-बंद करायचं आहे. तसं केलं तर दोन आठवड्यांत कार्ड करप्ट झालं. (कर्वेनगर)

स्विच पायची वीज तोडत होता, म्हणून. पाय कार्डावर लिहीत असताना वीज गेली की फाइल अर्धवट राहते. स्विचने वीज तोडू नका, त्याला फक्त इशारा द्यायला लावा.

स्विचच्या दोन वायरी पायच्या ५ नंबरच्या पिनेला (जीपीआयओ ३) आणि ६ नंबरच्या पिनेला (ग्राउंड) जोडा. मग कार्डावरच्या कॉन्फिग फाइलमध्ये (पायच्या सेटिंगची फाइल) ‘जीपीआयओ-शटडाउन’ हे ओव्हरले (जास्तीची सेटिंग) टाका. त्याच ओळीत जीपीआयओ-पिन ३, अ‍ॅक्टिव्ह-लो ० आणि जीपीआयओ-पुल ‘अप’ असं द्या. स्विच ‘ऑन’ केला की पिन ग्राउंड होते आणि पाय उठतो. ‘ऑफ’ केला की पिन वर जाते आणि पाय नीट बंद होतो. अ‍ॅक्टिव्ह-लो ० दिलं नाही तर उलटं होतं, स्विच ऑन करताच पाय झोपायला लागतो. दाबून सुटणारं बटण असेल तर या जास्तीच्या मूल्यांची गरज नाही, नुसतं ओव्हरले पुरतं.

लाल दिवाही जिवंत ठेवता येतो. तो ८ नंबरच्या पिनेला ३३० ओहमच्या रेझिस्टरमधून जोडा, दुसरी बाजू ग्राउंडला, आणि कॉन्फिगमध्ये यूएआरटी (सीरियल पोर्ट) चालू करा. पाय चालू असेपर्यंत दिवा लागतो, शटडाउन पूर्ण झालं की विझतो. तो विझल्यावरच भिंतीवरचं बटण बंद करा, घरातल्या लहानांनाही हे सांगून ठेवा.

प्रश्न : नवे यूएसबी पॅड नको, मूळ रिमोटच चालवायचे आहेत. ९ पिनेचं सॉकेट आहे. वायरी कशा ओळखायच्या? (बिबवेवाडी)

या कामातला सगळ्यात समाधान देणारा भाग हाच. रिमोटचं तत्त्व १९८३ च्या फॅमिकॉमपासून (निन्टेन्डोचा मूळ जपानी सेट) तेच आहे. आत ४०२१ जातीचं शिफ्ट रजिस्टर असतं, स्वस्त रिमोटमध्ये त्याच्या जागी काळा थेंब. ‘लॅच’च्या इशाऱ्यावर तो आठही बटणांची अवस्था टिपतो आणि ‘क्लॉक’च्या प्रत्येक ठोक्याला एकेक बटण ‘डेटा’च्या वायरीवर ढकलतो. क्रम असा : ए, बी, सिलेक्ट, स्टार्ट, वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. बटण दाबलेलं असेल तर डेटा शून्य, नसेल तर एक. म्हणजे कामाच्या वायरी पाचच : ५ व्होल्ट, ग्राउंड, लॅच, क्लॉक, डेटा. बंदुकीच्या दोन वायरी त्याच सॉकेटवर वेगळ्या असतात.

वायरींच्या रंगावर अजिबात विसंबू नका, कारखान्यागणिक ते बदलतात. जुनी पाटी घ्या, मल्टिमीटर बीपवर ठेवा. सॉकेटची जी पिन ७८०५ च्या मधल्या पायाशी वाजते ती ग्राउंड, जी उजव्या पायाशी वाजते ती ५ व्होल्ट. पुष्कळ सेटवर डेटा २, लॅच ३, क्लॉक ४, व्होल्ट ६ आणि ग्राउंड ८ असा क्रम सापडतो, पण तो आधी पडताळून बघा. पटला नाही तर रिमोट उघडून काळ्या थेंबाकडे कोणत्या तीन वायरी जातात ते पाहा. तीन वायरींच्या सहाच जोडण्या शक्य आहेत. प्रत्येक वायरीत १ किलोओहमचा रेझिस्टर घालून एकेक करून बघितलं तरी काही जळत नाही.

हे सरळ पायच्या पिनांना जोडायचा मोह टाळा. रिमोटला ५ व्होल्ट दिले तर डेटाही ५ व्होल्टचा येतो आणि पायची पिन ३.३ व्होल्टच्या वर सहन करत नाही. मध्ये ५ व्होल्टचा आर्डुइनो प्रो मायक्रो (प्रोग्राम करता येणारी छोटी पाटी) टाका. त्यावर ३२यू४ चिप असते, त्यामुळे तो यूएसबी जॉयस्टिक म्हणून ओळखला जातो. पायवर वेगळा ड्रायव्हर लागत नाही आणि उद्या पाय बदलला तरी काही बिघडत नाही. लॅच २ नंबरला, क्लॉक ३ ला, पहिल्या रिमोटचा डेटा ४ ला, दुसऱ्याचा ५ ला. लॅच आणि क्लॉक दोन्ही रिमोटना एकच चालतात. डेटाच्या पिनांना आतला पुल-अप (मोकळी पिन ‘एक’वर धरणारा रेझिस्टर) चालू ठेवा, म्हणजे रिमोट काढला तरी बटणं दाबल्यासारखी दिसत नाहीत. प्रोग्राममध्ये लॅच १२ मायक्रोसेकंद वर, मग खाली. नंतर आठ वेळा डेटा वाचा आणि प्रत्येक वाचनानंतर क्लॉक ६ मायक्रोसेकंद वर, ६ खाली. वाचण्याआधी क्लॉक दिला तर सगळी बटणं एकाने सरकतात. ए दाबल्यावर काहीच होत नाही आणि बी दाबल्यावर ए उमटतो, हे त्याचं लक्षण.

टर्बोची बटणं रिमोटच्या आतच ए आणि बी भराभर दाबतात, त्यांना वेगळी वायर नसते. रीसेटचं मूळ बटणही प्रो मायक्रोच्या ६ नंबरला द्या आणि रेट्रोआर्च या गेम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या हॉटकीत रीसेटसाठी नेमा. प्रो मायक्रोचं यूएसबी सॉकेट नाजूक असतं, थोडा जोर लागला की ट्रॅकसकट उखडतं. केबल लावून झाल्यावर त्याला आधार द्या. ग्लू गन इथे जरूर वापरा.

प्रश्न : चित्र काळं-पांढरं येतं आणि वर सरकत राहतं. टीव्ही जुना, ट्यूबवाला. (धायरी)

टीव्हीच्या सिग्नलचं मानक जुळत नाही. पायचं व्हिडिओ आउटपुट आपणहून एनटीएससी असतं, आपले जुने टीव्ही पाल. कॉन्फिगमध्ये ‘एसडीटीव्ही-मोड’ २ केलं की पाल मिळतं. पण मूळ अमेरिकी-जपानी गेम सेकंदाला ६० चित्रांचे आहेत आणि पाल ५० चं, त्यामुळे हालचाल अडखळते. तुमच्या टीव्हीच्या मेन्यूत एनटीएससी किंवा ‘ऑटो’ सापडलं तर टीव्हीचीच सेटिंग बदला, पायचा मोड ० वरच राहू द्या. पाय ४ वर हे आउटपुट आधी ‘एनेबल-टीव्हीआउट’ १ करून चालू करावं लागतं.

चित्र अजिबातच नसेल आणि नुसती घरघर ऐकू येत असेल तर केबल बघा. पायच्या ३.५ मिमी पिनेवर टोकापासून डावा आवाज, उजवा आवाज, ग्राउंड, व्हिडिओ असा क्रम आहे. कॅमेऱ्याबरोबर आलेल्या जुन्या केबलमध्ये शेवटचे दोन अनेकदा उलटे असतात.

प्रश्न : बदकं मारायची बंदूक एलईडी टीव्हीवर चालेल का? (कोंढवा)

नाही. ट्रिगर दाबला की पडदा एका चित्रापुरता काळा होतो आणि मग लक्ष्याच्या जागी पांढरा चौकोन येतो. बंदुकीच्या नळीतला प्रकाशसंवेदक तो चौकोन दिसला का एवढंच सांगतो. ट्यूबच्या टीव्हीवर हा उजेड ठरलेल्या क्षणीच पडतो. बंदुकीतलं सर्किट ट्यूबच्या सुमारे १५ किलोहर्ट्झच्या लुकलुकीला जुळवलेलं असतं. सपाट पडद्यावर ती लुकलुक नाही, शिवाय चित्र उशिरा येतं. पायला ट्यूबचा टीव्ही जोडला तरी मधला यूएसबीचा उशीर नडतोच. बंदुकीची खरी मजा हवी असेल तर चालता मूळ सेट आणि ट्यूबचा टीव्ही ही जोडी जपा.

प्रश्न : बॉडी पिवळी पडली आहे. रंग मारू का? (औंध)

रंग मारू नका. जुन्या एबीएस प्लास्टिकमध्ये आग रोखण्यासाठी ब्रोमीनची संयुगं घालत, ती उन्हाने पिवळी पडतात. ब्यूटी पार्लरच्या सामानाच्या दुकानात ४० व्हॉल्यूमची डेव्हलपर क्रीम मिळते, म्हणजे १२ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड. सगळे स्क्रू, स्प्रिंग आणि पाट्या काढा, भांडी घासायच्या साबणाने बॉडी धुवा. हातमोजे घालून क्रीम सगळीकडे सारखी लावा, वर क्लिंग फिल्म गुंडाळा आणि उन्हात ठेवा. दर तासाला क्रीम हलवून पसरा. ती एका जागी वाळली की तिथे कायमचे पांढरे ओघळ उठतात. चार-सहा तासांत फरक दिसतो. पुण्यात डिसेंबर-जानेवारीचं ऊन यासाठी छान. एप्रिल-मेमध्ये दुपारी गच्चीच्या तापलेल्या फरशीवर पातळ झाकण वाकतं, तेव्हा सकाळीच करा आणि खाली लाकडी फळी घ्या. लाल भागाला क्रीम लावू नका, तो फिका पडतो.

प्रश्न : जुनी ‘९९९९ गेम’वाली कॅसेट माझ्याकडे आहे. तिच्यातले गेम पायवर घेणं कायदेशीर आहे का? (चिंचवड)

नाही, कारण ती कॅसेटच मुळात विनापरवाना बनवलेली होती. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ सुरक्षिततेसाठी प्रत काढायची मुभा देतं, पण ती कायदेशीर प्रत बाळगणाऱ्याला. मूळ कंपनीची कॅसेट तुमच्याकडे असेल तर कॅसेट वाचणाऱ्या रीडरने तिची प्रत काढा. रीडर घेताना पिना मोजा. जपानी आणि आपल्याकडच्या कॅसेटना ६०, अमेरिकी एनईएसला (फॅमिकॉमचं अमेरिकी रूप) ७२. आज नव्याने बनवून त्यांचे कर्तेच मोफत देतात असे ८-बिट गेमही पुष्कळ आहेत, सुरुवात त्यांच्यापासून करा.

प्रश्न : कॅसेट खाचेत घातली की तोच गेम सुरू व्हावा, असं मुलीला हवं आहे. जमेल का? (कात्रज)

जमेल. बंद पडलेल्या कॅसेटच्या आत एनटॅग २१३ चा गोल स्टिकर (जवळ धरून वाचता येणारी एनएफसी चिप) लावा. त्यात १४४ बाइट मावतात, गेमच्या फाइलचं नाव लिहायला ते पुरे होतात. खाचेच्या खाली तो स्टिकर वाचणारा पीएन५३२ रीडर अ‍ॅक्रिलिकवर असा बसवा की कॅसेट पूर्ण आत गेल्यावर दोघांत एक-दोन सेंटिमीटरच अंतर राहील आणि दोघं समोरासमोर येतील. कॅसेटमधली जुनी पाटी आधी काढा, तांब्याच्या थरामागे स्टिकर वाचला जात नाही. रीडर पायला जोडायच्या दोन पद्धतींपैकी एसपीआयवर जोडा. आयटूसीवर जोडला तर त्याला ५ नंबरची पिन लागते, आणि ती आपण स्विचला दिली आहे. पायवर एक छोटा प्रोग्राम दर अर्ध्या सेकंदाला रीडर तपासतो, नाव सापडलं की तो गेम उघडतो. कॅसेट उपसल्यावर गेम लगेच मारू नका. दोन-तीन सेकंद थांबून बंद करा, म्हणजे खाचेत कॅसेट जरा हलली तर खेळ मोडत नाही.